श्वासाची जागा

मुंगीच्या तालमी आपली बहीण घेते आहे हे रेकॉर्डिस्टला बायकोकडून कळलं, तेही धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताना.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" बायको आपल्या बाजूचं टोक ओढत म्हणाली. "रोज संध्याकाळी जाते की ती वन्संकडे."

"मला कोण कशाला सांगतंय."

"आत्ता मी सांगितलं ना. टोक नीट धरा."

मुंगी ही बायकोची मामेबहीण. लहानपणी एकदा ती साखरेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलेली सापडली, तेव्हापासून घरात तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नाही. ती गाणी लिहायची आणि स्वतःच चाली लावायची. ती रेकॉर्डिस्टकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याजवळ एक गिटार होती, घशात सर्दी होती आणि दोन कडवी तयार होती. पुढे दीड-दोन वर्षं ती येत राहिली. घरामागच्या गॅरेजचा त्यानं स्टुडिओ केला होता. भिंतींना कापसाच्या गाद्या होत्या आणि मधे जाड काच. काचेच्या पलीकडे मुंगी गायची, अलीकडे तो ऐकायचा.

तिथं तयार झालेल्या गाण्यांपैकी 'जिना' हे गाणं लोकांनी उचललं. त्यात एक लांबलचक ओळ आहे: 'तू गेलास ते पाऊल अजून जिन्यात वाजतं, वाजतं, वाजतं आणि थांबत नाही.' रेकॉर्डवर ती एका दमात येते. ऐकणाऱ्याचाही श्वास अडकतो. लोकांनी मुंगीला तसं कळवलंही होतं.

खरं म्हणजे ती ओळ अशी कुणीच कधी गायली नव्हती. पहिला अर्धा भाग सर्दीच्या दिवसांतला होता, कारण त्या जड आवाजात एक ओल होती. तीन 'वाजतं' तीन वेगवेगळ्या दिवशींचे. 'थांबत नाही' हे तर मुंगी निघता निघता, चप्पल पायात सरकवून गायली होती. मधले सगळे श्वास रेकॉर्डिस्टनं कापून टाकले होते. सांधे इतके बारीक घासले होते की ते कुठं आहेत हे आता त्यालाही ऐकून सांगता आलं नसतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्त होता. गाणं सुंदर झालं होतं.

मग शहरातल्या मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. मुंगी घरी आरशासमोर उभी राहिली, स्वतःचंच गाणं रेकॉर्डवर लावून पाठ करायला लागली, आणि त्या ओळीला दर वेळी तिचा जीव गुदमरला. आपण स्वतःचं गाणंही गाऊ शकत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. ती रेकॉर्डिस्टच्या बहिणीकडे गेली. गायकांना आणि वाजवणाऱ्यांना स्टेजसाठी तयार करणं हा बहिणीचा धंदाच होता.

"माझ्याकडे का नाही आली?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुमच्याकडे आली असती तर तुम्ही म्हणाला असता, ये, परत करू."

हे अगदी बरोबर होतं, म्हणून त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मुंगीचे विसरलेले हेडफोन पोचवण्याचं निमित्त काढून तो तालमीच्या जागी गेला. खाली फर्निचरचा कारखाना होता, वर एक लांब खोली. लाकडाचा भुसा जिन्यावरून वरपर्यंत आला होता. खोलीच्या एका टोकाला ड्रमर, गिटारवाला आणि कीबोर्डवाली आणि त्यांच्यापुढे मुंगी, अनवाणी. बहीण समोर जमिनीवर बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकून. मुंगी जागच्या जागी उड्या मारत होती.

"पुरे," बहीण म्हणाली. "आता धाप लागलीये तोवर गा."

"अक्का, मरेन मी."

"मर. पण मुखडा संपव आधी."

सगळे हसले, मुंगी सगळ्यांत मोठ्यानं. रेकॉर्डिस्टनं ते हसणं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आवाजातला कण न् कण त्याला ठाऊक होता. 'स' म्हणताना तिची जीभ दाताला किती लागते, घसा कोरडा पडला की कुठला स्वर आधी सुटतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण गाताना ती डाव्या हाताची मूठ वळते आणि वरच्या स्वराला टाचा उचलते, हे त्याला आजच दिसत होतं. काचेच्या पलीकडे उजेड कमी ठेवायची त्याचीच पद्धत होती. शिवाय तो मुंगीकडे बघायचाच नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या रेघांकडे बघायचा. बहिणीला हे सगळं आठवड्याभरात मिळालं होतं. फुकट मिळालं होतं, असं त्याला वाटलं.

"दादा, बरं झालं आलास," बहीण न उठता म्हणाली. "तुझी गाणी संपतच नाहीत रे."

"म्हणजे?"

"रेकॉर्डवर सगळी हळूहळू विरून जातात. स्टेजवर काय करायचं? सगळ्यांनी वाजवत वाजवत मागं सरकत पडद्याआड जायचं?"

"मला ढकलत न्यावं लागेल," ड्रमर म्हणाला.

"तुला तसंही ढकलतच न्यावं लागतं," कीबोर्डवाली म्हणाली.

रेकॉर्डिस्ट हसला नाही. मुंगीनं 'जिना' सुरू केलं. चाल एक स्वर खाली उतरवली होती. लांब ओळ आली, 'जिन्यात'पर्यंत गेली, आणि तिथं मुंगीनं सरळ तोंड उघडून श्वास घेतला. मोठा, ऐकू येईल असा. मग एक मात्रा रिकामी सोडून 'वाजतं' म्हणाली.

"तिथं श्वास नाहीये," तो म्हणाला.

"आहे," बहीण म्हणाली. "तू काढलास."

"लोकांच्या कानात ती ओळ बसलीये. तिथं भोक पडतं."

"पडू दे. नाहीतर ती पडेल."

"आणि तिथं आवाज हलला तर? चूक झाली तर?"

"होणारच. तुझ्याकडे चूक झाली की मागं जाता येतं. इथं पुढंच जावं लागतं. मी फक्त तेवढंच शिकवते, दादा. आवाज तूच घडवलास, मी कुठं नाही म्हणतेय? तुझ्या रेकॉर्डमुळे तर हॉल मिळाला."

हे ती मनापासून म्हणाली होती. त्याला ते ओवाळणीत टाकल्यासारखं वाटलं.

लहानपणी घरात एकच टेपरेकॉर्डर होता. ती पाहुण्यांपुढे गायची आणि तो रेकॉर्ड करायचा. पाहुणे तिच्या गालाला हात लावायचे. टेप नंतर पुन्हा ऐकायचा तो एकटाच. हे त्यानं कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आपण विसरलो आहोत अशी त्याची समजूत होती.

तालमीत शेवटी एवढं ठरलं: रेकॉर्डवरची व्हायोलिनं आणि मागचा कोरस तिघा वादकांना जमणार नव्हता, तेवढं रेकॉर्डिस्टनं वेगळं काढून द्यायचं, नव्या उतरलेल्या पट्टीत. कार्यक्रमात मिक्सरवरही त्यानंच बसायचं. ही बहिणीचीच सूचना. "हॉलच्या माणसाला मुंगीचा आवाज माहीत नाही. दादाला आहे." फक्त एक अट तिनं दोनदा सांगितली. "मुंगीचा आवाज त्यातून पूर्ण काढून टाक. कुजबुजसुद्धा नको. तिला कशाला टेकायची सवय लागली तर माझं सगळं फुकट जाईल."

"काढतो," तो म्हणाला. "आता निघतो, काम आहे."

काम काही नव्हतं. मुंगीनं जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "भाऊजी, कसं वाटलं?"

"खाली ऐकलं तर वर काही दिसत नाही," तो म्हणाला. याचा अर्थ तिला कळला नाही. त्यालाही फारसा कळला नव्हता.

त्यानं व्हायोलिनं काढली, कोरस काढला, सगळं नव्या पट्टीत उतरवलं. मुंगीचा आवाज त्यानं पुसला नाही, तोही उतरवून वेगळ्या ट्रॅकवर ठेवला. मिक्सरवर त्याची एक स्वतंत्र सरकपट्टी असणार होती. ती खाली ओढलेली असेल तोवर कुणाला काही ऐकू येणार नव्हतं. आधाराला असू दे, असं तो स्वतःशी म्हणाला. बहिणीला सांगितलं नाही. शेवटच्या तालमीला ये म्हणून तिचा निरोप आला, तेव्हा त्यानं मिक्सिंग चालू आहे म्हणून कळवलं आणि सोफ्यावर आडवा झाला.

"जायचं होतंत," बायको म्हणाली.

"माझं तिथं काय काम? उड्या मारायला?"

"पोटात दुखत असेल तर गोळी देते."

"कुणाच्या पोटात?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?" ती आत निघून गेली.

सभागृह भरलं होतं. मिक्सर मागच्या रांगांच्या मधोमध होता. स्टेज तिथून लांब दिसायचं, पण नीट दिसायचं. पहिली चार गाणी चांगली झाली. रेकॉर्डिस्टनं काम चोख केलं. गिटार जरा बोचत होती ती गोल केली, ड्रमरचा उत्साह आवरला. मुंगी एका ठिकाणी शब्द विसरली, हसली, ड्रमरकडे बघून तीच ओळ पुन्हा घेतली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकीला टाळ्या. त्याच्या स्टुडिओत याच चुकीसाठी त्यानं अर्धा तास घेतला असता आणि कुणाला पत्ता लागू दिला नसता.

बहीण डाव्या विंगेत उभी होती. दर गाण्यानंतर मुंगी तिकडे एकदा बघायची. मिक्सरकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मागच्या अंधारात तिला मिक्सर दिसणंच शक्य नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं काही फरक पडला नाही.

पाचवं गाणं 'जिना'. पहिल्या वेळी लांब ओळ आली, मुंगीनं 'जिन्यात' म्हणून श्वास घेतला, आणि रेकॉर्डिस्टचं बोट त्या सरकपट्टीवर गेलं. अगदी थोडं वर. रिकाम्या मात्रेत 'वाजतं'ची एक सावली आली आणि गेली. लोकांना कळलं नाही. विंगेत बहिणीनं झटकन मान वळवली. मुंगी क्षणभर अडखळली, पण सावरली.

तेवढ्यावर तो थांबू शकला असता. पट्टी त्यानं खाली घेतलीही. पण शेवटच्या कडव्याआधी मुंगी पुन्हा विंगेकडे वळली, आणि बहिणीनं दोन्ही हात वर करून काहीतरी खूण केली. मुंगी मान मागे टाकून हसली. तालमीतलंच ते हसणं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐकू दे एकदा सगळ्यांना, खरं गाणं कसं आहे ते, असं त्याच्या मनात आलं. लांब ओळीच्या तोंडाशी त्यानं सरकपट्टी पूर्ण वर ढकलली.

शेवटच्या तालमीत असं ठरलं होतं की ही ओळ या वेळी मुंगी गाणारच नाही. ती माइक लोकांपुढे धरणार आणि लोक गाणार. बहिणीची खूण त्यासाठीच होती. तो तालमीला नव्हता.

मुंगीनं हात लांब करून माइक प्रेक्षकांकडे धरला. तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर हसू. आणि सभागृहाच्या सगळ्या भिंतींतून तिचा आवाज आला, स्वच्छ, अखंड, एका दमात: 'तू गेलास ते पाऊल अजून जिन्यात वाजतं, वाजतं, वाजतं...'

गायला लागलेले लोक थांबले. त्यानं पट्टी खाली खेचली, तर ओळ मधेच तुटली आणि ते आणखी वाईट झालं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "टेप लावलीये रे!" एक पुरुषी आवाज आला, आणि त्यावर बराच हशा झाला.

मुंगीनं हात उंचावून वादकांना थांबवलं. ड्रमरनं ठेक्याची टिकटिक ऐकवणारा कानातला इअरफोन उपटून फेकला. मुंगीनं माइक तोंडाशी घेतला. स्पीकरमधून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"तो माझाच आवाज होता," ती म्हणाली. "स्टुडिओतला. असं मला गाता येत नाही. कुणालाच येणार नाही. मला कसं येतं ते गाते."

आणि ती कशाचीही साथ न घेता गायली. पहिलं 'वाजतं' उतरलं, दुसरं थरथरलं. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. मागच्या रांगांतले काही जण मात्र तोवर उठून दाराकडे निघाले होते, आणि पुष्कळांचे फोन त्या आधीच्या क्षणापासून चालू होते.

स्टेजमागच्या खोलीत बहिणीनं दार लावून घेतलं. मुंगी खुर्चीवर बसून पाण्याची बाटली दोन्ही हातांत फिरवत होती.

"काढून टाक म्हटलं होतं ना, दादा?"

"आधाराला ठेवला होता."

"कुणाच्या?" मुंगीनं विचारलं.

 

"तिला मधे काही झालं असतं तर..." तो म्हणाला.

"झालं ना," बहीण म्हणाली. "बस की आता."

"मी कधी म्हटलं मला सांभाळा म्हणून?" मुंगीचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "भाऊजी, ते लोक बाहेर म्हणतायत मी नुसतं तोंड हलवते. मी. इतके दिवस घाम गाळून. आणि तुम्ही मागं बसून मलाच माझ्याविरुद्ध वाजवलंत."

मिटल्या तोंडाची ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली. नंतर ती एकटी गायली तो भागही कुणीतरी टाकला, पण तो कमी फिरला. ठरत आलेला एक कार्यक्रम रद्द झाला. दुसऱ्यांनी कळवलं की यायचं तर आधी समोर गाऊन दाखवा. मुंगी गेली आणि परीक्षेला बसल्यासारखी गाऊन आली. हे सगळं रेकॉर्डिस्टला बायकोकडून कळत होतं. ती आता टोमणे मारत नव्हती, नुसतं सांगायची आणि गप्प व्हायची. त्याला टोमणे परवडले असते.

मुंगीची नवी गाणी तयार होती हेही बायकोनंच सांगितलं. या वेळी तिला सगळ्यांनी एका खोलीत बसून, एका दमात वाजवून रेकॉर्ड करायचं होतं. जोडकाम नाही. तिनं दुसरे दोन स्टुडिओ बघितले. रेकॉर्डिस्ट फोन खिशात ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. 'ये' असं लिहायचा आणि पुसायचा. आवाज जिथं घडला तिथं ती आता पाऊल ठेवणार नाही, हे त्यानं मनाशी धरून टाकलं होतं. दुसरा कुणीतरी आता तिचा 'स' ऐकेल, या विचारानं त्याला जेवण जाईना.

आणि एक दिवस फोन आला. मुंगीचा नव्हे, बहिणीचा.

"सोमवारपासून स्टुडिओ मोकळा ठेव. मुंगी येतेय. सगळे येतोय."

"ती तयार झाली?"

"मी केली. त्या बाकीच्यांपेक्षा तुझी खोली चांगली आहे आणि तुझे कान चांगले आहेत. बाकी तू कसाही असलास तरी."

त्यानं फोन ठेवला. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते बहिणीच्या हातून मिळालं होतं. 'थँक्यू' म्हणायचंही तो विसरला.

सोमवारी काचेपलीकडची खोली इतकी भरली की ड्रम दारात आला. मुंगीनं आत आल्या आल्या विचारलं, "भाऊजी, दिवे पूर्ण लावाल का?" एवढंच. त्यानं लावले. अटी बहिणीनं आधीच सांगितल्या होत्या: गाणं सुरू झालं की संपेपर्यंत थांबवायचं नाही, आणि कुठलं घ्यायचं ते मुंगी ठरवणार.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्या कडव्यात एक स्वर उतरला होता, स्वच्छ ऐकू येण्याएवढा. कार्यक्रमात कुणाच्या लक्षातही आला नसता, पण रेकॉर्डवर तो दर वेळी, त्याच जागी, तेवढाच उतरलेला राहणार होता. हे बहिणीला कळत नव्हतं, त्याला कळत होतं. त्यानं आतल्यांशी बोलायचं बटण दाबलं.

"दुसऱ्या कडव्यात एक जागा उतरलीये. स्टेजवर चालेल. इथं लोक शंभरदा ऐकतील."

 मुंगीनं बहिणीकडे बघितलं. बहिणीनं खांदे उडवले. "तो सांगतोय तर असेल. तुझं गाणं आहे, तू बघ."

मुंगीनं डोळे मिटून ती जागा मनात गुणगुणून बघितली. "आहे खरी," ती म्हणाली. "पण तुकडा नाही जोडायचा. सगळं पहिल्यापासून घेऊ."

"सगळं घेऊ," तो म्हणाला.

ड्रमर पाणी प्यायला बाहेर गेला. आत मुंगी आणि बहीण माइकपाशी डोकं जवळ आणून बोलत होत्या. माइकची सरकपट्टी त्यानं मधल्या वेळेपुरती खाली घेतली होती, त्यामुळे अलीकडे काही ऐकू येत नव्हतं. मुंगी काहीतरी म्हणाली, बहीण पोट धरून वाकली. मुंगीनं काचेकडे एक नजर टाकली आणि पुन्हा दोघी फिदीफिदी हसायला लागल्या.

रेकॉर्डिस्ट बघत राहिला. आपल्यावरच चाललंय, याविषयी त्याला शंका नव्हती. माइक चालू होता, त्याची सरकपट्टी वर केली की प्रत्येक शब्द कानात आला असता. त्यानं थोडा वेळ हात मांडीवर ठेवला. मग हेडफोन चढवले आणि पट्टी वर केली.

"...आणि दुकानदार म्हणतो, बाई, दोन्ही डावेच आहेत," मुंगी सांगत होती. "आणि मी ते घालून घरापर्यंत चालत गेले होते, अक्का! चावतायत म्हणून नव्या बुटांना शिव्या देत!"

"दोन्ही डावे?"

"दोन्ही डावे!"

त्यानं पट्टी खाली घेतली. त्या त्याच्याबद्दल बोलत नव्हत्या. बहुधा सकाळपासून एकदाही बोलल्या नव्हत्या. काचेपलीकडे बहीण डोळे पुसत होती, मुंगी लंगडत चालून दाखवत होती.

ड्रमर परत आला, जागेवर बसला. बहिणीनं काचेकडे बघून अंगठा वर केला.

"चालू आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला.